कोणाचे, किती जणांचे, काय गळाले?

इंग्रजीच्या अध्यापनात मोठे विषय पुष्कळ आहेत. काळ आहेत, प्रयोग आहेत, शब्दयोगी अव्ययांचे तर अरण्यच आहे. त्या मानाने ॲपॉस्ट्रॉफी हे चिन्ह अगदीच क्षुद्र. अक्षराच्या वरच्या अंगास टांगलेला एक स्वल्पविराम, एवढेच त्याचे रूप. तथापि आम्ही उभयतांनी सिल्वासात तीस वर्षांहून अधिक काळ इंग्रजी शिकविले, एकीने मराठी माध्यमाच्या शाळेत आणि दुसऱ्याने इंग्रजी माध्यमाच्या. आणि संध्याकाळी घरी वह्यांचे दोन गठ्ठे समोर घेऊन बसलो, की दोन्हींत जी एक चूक हटकून सापडे ती ह्याच चिन्हाची. साध्या अनेकवचनाला ते चिकटविलेले, मालकी दाखवायची तेथे गाळलेले, आणि ‘इट्स’ ह्या शब्दाबाबत तर सगळा हवाला नशिबावर.

पाठ्यपुस्तकांतून नियम दिलेला असतो, आणि तो चुकीचा नसतो. मालकी एकाची असेल तर एस ह्या अक्षराच्या आधी चिन्ह, अनेकांची असेल तर एसच्या नंतर, नुसते अनेकवचन असेल तर चिन्ह नाही, आणि दोन शब्दांचा संकोच होऊन एक झाला असेल तर गळालेल्या अक्षराच्या जागी चिन्ह. मुले हा नियम पाठ म्हणून दाखवितात आणि पुढच्याच ओळीत तो मोडतात. ह्याचे कारण एकदा खानवेलकडच्या एका मुलीने सांगितले. घरी वारली बोलणारी, वर्गात फारसे न बोलणारी मुलगी. ती म्हणाली, ‘‘बाई, गायीचं दूध म्हटलं की ‘चं’ ऐकू येतं. गायींचं म्हटलं की नाकातला आवाजसुद्धा ऐकू येतो. इंग्रजीत काहीच ऐकू येत नाही. मग चिन्ह कशावरून ठरवायचं?’’

व्याकरणाच्या ग्रंथांतून जे आम्हांस इतक्या स्वच्छपणे मांडलेले आढळले नव्हते, ते त्या मुलीने दोन वाक्यांत मांडले. मराठीत ‘मुलगे’, ‘मुलाचा’ आणि ‘मुलांचा’ हे तीन शब्द कानाला तीन वेगळे शब्द म्हणून ऐकू येतात. इंग्रजीत अनेक मुले ती ‘बॉइज’, एका मुलाचे ते ‘बॉय’ज’ आणि अनेक मुलांचे तेही ‘बॉइज’’. कानाला तिन्ही एकच. इतकेच नव्हे, तर ‘मुलगा येत आहे’ हे घाईने म्हणतानाही तोच उच्चार होतो, म्हणजे एका ध्वनीच्या चार गाठोड्या झाल्या. देवनागरीत लिहिणारे मूल कानावर विश्वास ठेवावयास शिकलेले असते; त्याच्या लिपीने त्या विश्वासाचा सहसा घात केलेला नसतो. इंग्रजीत मात्र त्याला कान बंद करून अर्थाकडे पाहावे लागते. चूक होते ती निष्काळजीपणाने नव्हे. जे साधन त्याने आजवर भरवशाने वापरले, ते ह्या एका ठिकाणी कामाला येत नाही, म्हणून होते.

मग अर्थ पाहावयाचा कसा? आमच्या घरी चहाच्या वेळी ह्यावर बराच खल होई. अखेर जी रीत ठरली ती दोन्ही शाळांतून आम्ही वर्षानुवर्षे चालविली. चिन्ह लावण्यापूर्वी मुलाने स्वतःला तीन प्रश्न विचारावयाचे, आणि ते इंग्रजीत नव्हे, आपल्या घरच्या भाषेत. पहिला प्रश्न, काय गळाले? दुसरा, कोणाचे? तिसरा, किती जणांचे?

पहिल्या प्रश्नासाठी आम्हांस उदाहरण शोधावयास लांब जावे लागले नाही. आपण बोलताना ‘बाबा आलाय’ म्हणतो, लिहिताना ‘आला आहे’ लिहितो. ‘चाललोय’, ‘करतोयस’, ‘नाहीये’ हे सगळे मराठीतले संकोचच आहेत. फक्त आपण त्यांच्यावर चिन्ह देत नाही. मुलांना हे सांगितले की त्यांना नवल वाटे, कारण आपल्या तोंडी असलेल्या गोष्टीला व्याकरण असते हे त्यांना ठाऊक नसे. मग आम्ही सांगत असू, की ‘आलाय’ उलगडून जसे ‘आला आहे’ होते, तसे ‘इट’स’ उलगडून ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ होते का ते पाहा. झाले आणि वाक्य अर्थपूर्ण राहिले, तर चिन्ह द्या. न झाले, तर देऊ नका. शिवाय मराठी निबंधात आपण ‘आलाय’ लिहीत नाही, तसेच इंग्रजी अर्जातही ‘डोन्ट’, ‘कान्ट’ असे संकोच टाळून पूर्ण शब्द लिहावेत, हा संकेतही मुलांना ह्याच वाटेने उमगे.

घरी देवपूजेची पोथी असलेल्या मुलांसाठी आणखी एक दाखला होता. संस्कृतात ‘सः’ आणि ‘अहम्’ मिळून ‘सोऽहम्’ होते, आणि मधला अ गळाला हे दाखविण्यासाठी जो नागमोडी अवग्रह लिहितात, तो आपला जुना ॲपॉस्ट्रॉफीच होय. येथे एक अक्षर होते, आता नाही, एवढीच त्याची खूण. मराठीने पुढे तेच चिन्ह हाक लांबविण्यासाठी घेतले, आणि गोष्टीच्या पुस्तकात ‘आईऽ’ असे छापलेले दिसले की मूल ते लांबवूनच वाचते. चिन्ह तेच, काम निराळे, हे मुलांना त्यावरून पटे.

दुसरा आणि तिसरा प्रश्न मिळून मालकीचा निकाल लागतो. येथे सिल्वासाचा वर्ग आम्हांस फार उपयोगी पडला. एका बाकावर गुजराती मूल, शेजारी हिंदी, पलीकडे वारली किंवा कोकणा घरातले, आणि एखादे आपल्या मराठी घरातले. फळ्यावर रकाने आखून आम्ही विचारीत असू, ‘मुलाचे पुस्तक’ तुमच्या घरी कसे म्हणतात? कोणी ‘छोकरानुं’ म्हणे, कोणी ‘लड़के की’. चा-ची-चे, नो-नी-नुं, का-की-के असे प्रत्यय फळ्यावर येत, आणि प्रत्येक मुलाला कळे, की मालकी दाखविण्याची सोय आपल्या घरी आधीपासूनच आहे. वाक्यात तो प्रत्यय येतो का? येत असेल तर इंग्रजीत चिन्ह हवे. येत नसेल, नुसतेच ‘मुलगे खेळतात’ असे असेल, तर नको. मग ‘मुलाचे’ की ‘मुलांचे’, हे पाहावयाचे. अनुस्वार आला तर चिन्ह एसच्या पलीकडे जाते. ज्या अनेकवचनांना शेवटी एस नसतो, जसे ‘चिल्ड्रन’ किंवा ‘मेन’, त्यांची गोष्ट निराळी. तेथे मालकीचा एस नव्याने आणावा लागतो आणि चिन्ह त्याच्या आधी बसते.

राहता राहिला ‘इट्स’. मुलांचा आक्षेप रास्त असे. ‘त्याचे शेपूट’ म्हणताना मालकी आहे, मग चिन्ह का नाही? ह्यावर आम्ही विचारीत असू, ‘मीचा’ असे कोणी म्हणते का? ‘तूची’ म्हणते का? आपण ‘माझा’, ‘तुझी’ म्हणतो, कारण काही सर्वनामे मालकी अंगातच घेऊन वावरतात; त्यांना बाहेरून दागिना घालावा लागत नाही. इंग्रजीतील ‘हिज’, ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘यॉर्स’, ‘देअर्स’ आणि ‘इट्स’ ही त्याच कुळातली. हा दाखला दिल्यावर ‘इट्स’ची चूक पुष्कळच कमी होई. अगदीच थांबली असे म्हणणार नाही.

वरच्या वर्गांतील मुलांना आम्ही ह्या चिन्हाचा इतिहासही सांगत असू, कारण त्यामुळे त्यांच्या मनावरचे दडपण उतरे. हे चिन्ह इंग्रजीत सोळाव्या शतकात फ्रेंचांकडून आले, आणि आले ते गळालेल्या अक्षराची खूण म्हणूनच. जुन्या इंग्रजीत पुष्कळ नामांची षष्ठी ई आणि एस ही दोन अक्षरे लावून होत असे. पुढे तो ई उच्चारातून गेला, आणि त्याच्या जागी चिन्ह येऊन बसले. म्हणजे मुळात मालकीचे चिन्ह हेही गळतीचेच चिन्ह. एकाच मालकाचे एसच्या आधी आणि अनेकांचे नंतर, ही विभागणी रूढ होऊ लागली ती अठराव्या शतकात. ‘इट्स’ हा शब्दही तसा अर्वाचीनच. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो दिसू लागला; तत्पूर्वी नपुंसकलिंगी वस्तूलाही ‘हिज’ म्हणत. आणि नव्याने आला तेव्हा पुष्कळ इंग्रज लेखक तो चिन्हासहच लिहीत असत. अठराव्या शतकातील एखाद्या सुशिक्षित इंग्रजाने आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्या तपासल्या असत्या, तर ज्या ठिकाणी आम्ही लाल शाईने गोल काढीत होतो, त्यांतल्या कित्येक ठिकाणी त्याला काही वावगे दिसले नसते.

आजही ज्यांची ही भाषा, त्यांचे ह्या बाबतीत एकमत नाही. बर्नार्ड शॉ ‘डोन्ट’सारखे शब्द जाणूनबुजून चिन्हाविना छापवीत. अमेरिकेत भौगोलिक नावांचे जे सरकारी मंडळ १८९० साली स्थापन झाले, त्याने गावांच्या आणि डोंगरांच्या नावांतून मालकीचे हे चिन्ह जवळजवळ हद्दपार केले. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या नगरपरिषदेने २००९ साली रस्त्यांच्या पाट्यांवर ते न देण्याचे ठरविले. तेथेच जॉन रिचर्ड्स नावाच्या एका निवृत्त पत्रकाराने २००१ साली ह्या चिन्हाच्या रक्षणार्थ संस्था काढली होती. २०१९ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, त्यांनी ती बंद करीत असल्याचे जाहीर केले. पुढे इतरांनी ती पुन्हा चालू केली. भाजीवाल्यांच्या फळकुटांवर टोमॅटोच्या अनेकवचनास चिन्ह लागलेले पाहून ह्या संस्थेचे संस्थापक अस्वस्थ होत. वापीहून सिल्वासाकडे येताना दुतर्फा लागलेल्या दुकानांच्या पाट्या त्यांनी पाहिल्या नाहीत हे बरेच झाले. आपल्याकडे तर ‘एक लेडीज बसली आहे’ असे म्हणून आपण अनेकवचनाचे एकवचन करून टाकले आहे, आणि ते मराठीत बिनतक्रार नांदते आहे.

कोणी म्हणेल, की मग एवढा खटाटोप कशाला? त्या लोकांनीच सोडून दिलेले चिन्ह आपल्या खेड्यापाड्यांतील मुलांनी का जपावे? हा प्रश्न आम्ही टाळला नाही. त्याचे उत्तर शोधताना आम्हांस आपल्याच लिपीतील एका बिंदूची आठवण होई.

ह्या पत्रिकेच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी आजोबांची पत्रे जपून ठेवली असतील, त्यांनी ती काढून पाहावीत. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरांत’, ‘केलें’ असे अनुस्वार त्यांत जागोजाग दिसतील. उच्चारात ते नव्हते. व्युत्पत्तीच्या आणि व्याकरणाच्या आधारे ते द्यावे लागत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले, आणि हे अनुच्चारित अनुस्वार गेले. माणसाचे नांव आणि नदीतील नाव एकसारखी दिसू लागली, तरी त्यामुळे कोणी बुडाले नाही. परंतु त्या नियमांनी एक अनुस्वार आवर्जून राखला. अनेकवचनी सामान्यरूपाला प्रत्यय लागताना तो द्यावाच, असे सांगितले. पूर्वी एका घरात असो वा अनेक, ‘घरांत’ असेच लिहीत. आता ‘घरात’ म्हणजे एका आणि ‘घरांत’ म्हणजे अनेक, हा भेद उघड झाला. बिंदूला अनेकत्वाचे काम नेमून मिळाले, मग ते अनेकत्व संख्येचे असो वा आदराचे. ‘आजोबांचे’ ह्यातील अनुस्वार काढला, तर शुद्धलेखनाबरोबर मानही जातो.

चिन्हे येतात आणि जातात. मालक कोण आणि मालक किती, हा प्रश्न मात्र लिहिणाऱ्याला चुकवता येत नाही. इंग्रजीने त्यासाठी एक चिन्ह ठेवले आहे, आणि अजून तरी परीक्षक, कचेऱ्या आणि कारखाने ते मागतात. इंग्रजांच्या नातवंडांनी ते गाळले तर ती शैली ठरते. खानवेलच्या मुलीने गाळले तर ते अज्ञान ठरते. हा न्याय आम्हांस मान्य नाही. पण त्या मुलीला त्याच जगात अर्ज लिहावयाचे आहेत.

अर्जाचा एक प्रसंग येथे सांगणे अवश्य वाटते. आमचा एक माजी विद्यार्थी दहावीनंतर कामाला लागला आणि आपल्या पाड्यावरील लोकांचे अर्ज लिहून देऊ लागला. एका कामगाराला थोरल्या भावाच्या लग्नासाठी रजा हवी होती. अर्जात ‘माय ब्रदर्स मॅरेज’ हे शब्द आले, चिन्ह कोठेच नव्हते. रजा मिळाली. कारखान्याच्या कचेरीत कोणी तरी ती ‘भावांचे लग्न’ अशी समजून नोंदविली. दोन वर्षांनी धाकट्या भावाचे लग्न ठरले, तेव्हा त्या कामगाराला उत्तर मिळाले, की भावांच्या लग्नाची रजा आपण पूर्वीच घेतली आहे. तो लग्नाला गेला, आणि त्याचा त्या दिवसांचा पगार कापला गेला. विद्यार्थी आमच्याकडे जुन्या अर्जाची नक्कल घेऊन आला आणि त्याने एवढेच विचारले, ‘‘सर, ते टिंब नक्की कुठं द्यायचं होतं?’’ आम्ही दाखविले. त्याने पेन्सिलीने ते दिले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. त्यानंतर तो अर्जात ‘माय एल्डर ब्रदर’ असे लिहून त्यापुढे भावाचे नावच घालू लागला. ही युक्ती नियमापेक्षा चांगली आहे, असे आमचे मत आहे.

अलीकडे कोणी म्हणतात, की भ्रमणध्वनी आता आपोआप चिन्ह देतो. शिकवावयाची गरज उरली नाही. तो देतो हे खरे. परंतु भाऊ एक की दोन, हे त्या यंत्राला ठाऊक नसते. ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक असावे लागते.

आपल्या ह्या नगर हवेलीत राहून मालकीचे शब्द क्षुल्लक आहेत असे म्हणणे तर फारच कठीण. ह्या भूमीचा इतिहास तशाच शब्दांवर फिरला आहे. पेशवाईत पोर्तुगीजांशी १७७९ साली पुण्याचा तह झाला, आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी ही गावे त्यांच्याकडे आली. आली म्हणजे काय झाली? त्यांची झाली, की त्यांच्याकडे उत्पन्नापुरती लावून दिली गेली? २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध जी फिर्याद नेली, तीत ह्या मराठी दस्तऐवजांतील शब्दांचा कीस पडला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की तहाच्या सतराव्या कलमाच्या निरनिराळ्या पाठांतील भाषेवरून सार्वभौमत्व देण्याचा हेतू सिद्ध होत नाही. आणि सनदांतील शब्दप्रयोगांवरून तर मराठ्यांनी दिली ती केवळ जहागीर किंवा सरंजाम, वार्षिक बारा हजार रुपयांची, असेच ठरते. पुढे इंग्रजी अमलात पोर्तुगीजांचे स्वामित्व मुकाट्याने मानले गेले, हेही त्याच न्यायालयाने सांगितले. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल ह्यांच्या ये-जा करण्याचा त्यांचा हक्क त्याने मान्य केला, सैन्याचा अमान्य केला, आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही असा निर्णय दिला. दोन शतकांपूर्वी कोणा कारकुनाने बोरूने लिहिलेला ‘सरंजाम’ हा शब्द हेगच्या न्यायाधीशांपुढे उभा राहिला आणि ‘आमचे’ व ‘आमच्याकडे असलेले’ ह्यांतील अंतर दाखवून गेला. मोठ्या वर्गांना आम्ही हा निकाल सांगत असू तेव्हा, एरवी खिडकीबाहेर पाहणारी मुलेसुद्धा ऐकत असत. त्यांतल्या कित्येकांच्या घरी जमिनीच्या कागदांच्या गोष्टी रोजच्या होत्या.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्या गोष्टीकडे येतो. एवढ्या वर्षांत आम्हांस एक अनुभव वारंवार आला. ज्या मुलाची घरची भाषा पक्की, ते हे इंग्रजी चिन्ह लवकर शिके. मग ती भाषा मराठी असो, गुजराती असो वा वारली. तीन प्रश्न घरच्या भाषेत विचारावयाचे, एवढीच आमची रीत होती. आणि प्रश्न विचारावयास भाषाच नसेल तर रीत चालावी कशी? निवृत्तीच्या आधीच्या वर्षांत इंग्रजी माध्यमाच्या वर्गात अशी मुले अधिकाधिक येऊ लागली, की ज्यांना ‘मुलाचे’ आणि ‘मुलांचे’ ह्यांतील भेद विचारला तर ती गोंधळून पाहत. त्यांत आपल्या जुन्या मराठी घरांतील मुले कमी नव्हती. कोणाचे घराणे मुक्तीपूर्वीपासून येथे, कोणाचे आजोबा १९५४ नंतर नोकरीधंद्यानिमित्त आलेले. नियम त्यांना पाठ होता. पण तो टांगावयास आत खुंटी नव्हती.

आमचा नातूही त्यांतलाच. इंग्रजी माध्यमात शिकतो, ‘इट्स’ आणि ‘इट’स’ ह्यांत कधी चुकत नाही, आणि घरी ‘आजीचा पोळी’ म्हणतो. सर्वजण हसतात, तोही हसतो. परंतु शिक्षक म्हणून विचार केला की त्या हसण्यातली गंमत ओसरते. इंग्रजीचे चिन्ह फक्त मालक कोण एवढेच सांगते. वस्तू कोणतीही असो, त्याच्या रूपात बदल नाही. मराठीचा षष्ठीचा प्रत्यय मालकही सांगतो आणि वस्तूकडेही पाहतो. आजीची पोळी, आजीचा डबा, आजीचे घर. प्रत्येक वेळी बोलणाऱ्याला दोन्हींकडे लक्ष द्यावे लागते. योगायोग असा, की पोर्तुगीजांच्या भाषेतही ‘माझा’ आणि ‘माझी’ हा भेद वस्तूच्या लिंगावरून होतो. त्या बाबतीत ती भाषा इंग्रजीपेक्षा आपल्याला जवळची. चा-ची-चे नीट वापरणाऱ्या मुलाला इंग्रजीचे चिन्ह म्हणजे अर्धेच काम. ज्याच्याजवळ चा-ची-चे नाही, त्याच्याजवळ नुसता पाठ केलेला नियम राहतो, आणि पाठ केलेला नियम परीक्षेपर्यंत टिकतो.

आपल्या मंडळातील पुष्कळांना वाटते, की घरी मराठीचा आग्रह धरला तर मुलाचे इंग्रजी मागे पडेल. आमच्या समोरून वह्यांचे जे गठ्ठे गेले, त्यांनी आम्हांस उलट सांगितले. त्या वारली मुलीने इंग्रजीची अडचण ओळखली, ती ‘गायीचं’ आणि ‘गायींचं’ हे भेद तिच्या कानात पक्के होते म्हणून. तिला प्रश्न पडू शकला. प्रश्न पडला म्हणून उत्तर शिकविता आले.

तेव्हा आपल्या घरांपुरती एक विनंती. शुद्धलेखनाचे पुस्तक आणावयास नको, शिकवणीही लावावयास नको. संध्याकाळी जेवणे चालली असताना नातवाच्या तोंडून ‘आजीचा पोळी’ असे आले, तर हसून पुढे जाऊ नये, आणि रागावूही नये. ‘आजीची पोळी, आणि आजोबांची भाजी’ असे म्हणून ताटात वाढावे. त्यातला अनुस्वार जरा ठासून म्हणावा.